जुनी पिकअप उभी करायची तर



आमच्याकडे संध्याकाळी येणारी माणसे बहुधा जातीच्या दाखल्यासाठी, रेशनकार्डातील नावासाठी किंवा मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी येतात. अलीकडे मात्र आणखी एक प्रश्न वरचेवर कानावर पडतो. "काका, जुनी पिकअप मिळतेय, घेऊ का?" विचारणारा पंचवीस-तीस वर्षांचा असतो. कुठे कंत्राटी कामावर असतो किंवा तेही सुटलेले असते. आईच्या कानातले, बायकोच्या बचत गटाचे कर्ज आणि एखाद्या मामाची उसनवारी एवढे भांडवल. नवी गाडी हप्त्यावर घ्यायची तर जामीन मिळत नाही. म्हणून नजर जुन्या गाडीवर जाते.

आम्ही कारकून माणूस. पान्यापेक्षा पेनाशी आमचा संबंध अधिक. परंतु गेल्या वर्षी परळच्या आमच्या चाळीतील दोन भावांच्या गाडीपायी आम्हाला ऑपेरा हाऊसपासून कुर्ल्यापर्यंत पुष्कळ चालावे लागले, आणि जे पाहिले ते आपल्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यामुळे या वेळचा मजकूर त्यावरच देत आहोत.

मुंबईला मोटारीचे काम नवे नाही. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. तो १९५४ साली बंद झाला. महिंद्रांनी जीप जोडायला सुरुवात केली ती माझगावात. प्रीमियरचा कारखाना कुर्ल्याला. आणि आपण ज्याला सरसकट 'टेम्पो' म्हणतो तो शब्दसुद्धा एका जर्मन कंपनीच्या नावावरून आला. त्या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पोने १९५८ साली गोरेगावात तीनचाकी गाड्या काढायला आरंभ केला. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीला गेला, २००५ साली कंपनीचे नाव बदलून फोर्स मोटर्स झाले, पण लालबागच्या हमालाला आजही माल 'टेम्पो'तच भरायचा असतो. १९८२ च्या १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि नंतर ज्यांची नोकरी परत मिळाली नाही, त्यांतील काहींनी भाड्याचा टेम्पो चालवून घर सांभाळले. या दोन भावांचे वडील त्यांपैकीच. ते मालकाची मॅटाडोर चालवीत. स्वतःची गाडी असावी ही त्यांची इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही.

थोरला भाऊ परळच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय आहे. धाकटा गावी, महाडच्या पलीकडे. धाकट्याने तिकडेच एक जुनी टाटा २०७ पिकअप घेतली. विटा, वाळू, आंब्याच्या पेट्या, लग्नाचे मंडप, जे मिळेल ते वाहायचे. पैसे दिले थोरल्याने, आणि त्यातले निम्मे वहिनींच्या बचत गटाचे. वहिनींनी फक्त एवढेच विचारले, "गाडी कितव्या महिन्यात पैसे परत देईल?" या प्रश्नाला दोन्ही भावांपाशी उत्तर नव्हते.

गाडीची निवड मात्र चांगली झाली होती, आणि का चांगली ते समजून घेण्यासारखे आहे. जुनी गाडी तिच्या वयाने मरत नाही. तिचे सुटे भाग मिळेनासे झाले म्हणजे ती मरते. टाटांची ही पिकअप १९८८ साली आली तेव्हा तिचा नंबर २०६ होता, २०७ मागून आली. त्याच सांगाड्यावर पुढे सिएरा आणि इस्टेट या गाड्या निघाल्या आणि १९९४ साली सुमो निघाली. सुमो तर २०१९ पर्यंत निघत होती. म्हणजे एका पिकअपची भावंडे महाराष्ट्रभर वडाप करीत फिरली. जुन्या २०७ मध्ये आणि सुरुवातीच्या सुमोत ४८३ या जातीचे एकच डिझेल इंजिन. या आकड्याचा अर्थही सोपा आहे. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८३ मिलिमीटर. टाटा ४०७ चे ४९७ म्हणजे तसेच चार सिलिंडर, व्यास ९७. हे ठाऊक असलेला माणूस काउंटरवर जाऊन "पिस्टन द्या" म्हणत नाही, तर कोणत्या इंजिनाचा आणि मूळ मापाचा की बोअर मारल्यावर लागणारा मोठ्या मापाचा, हे सांगतो. दुकानदार मग जरा सांभाळून बोलतो.

याउलट एखादी देखणी पण फार थोडी विकली गेलेली गाडी स्वस्तात मिळाली तर हरखून जाऊ नये. तिचा एक कंदील फुटला तरी महिनाभर शोधावे लागते. ४०७ ही १९८६ पासून आहे आणि सुधारलेल्या रूपात अजून बाजारात आहे. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', गल्लोगल्ली आहे. महिंद्रांच्या पिकअपचेही तसेच. गाडी घेण्यापूर्वी आपल्या भागात तीच गाडी किती दिसते हे दोन दिवस नाक्यावर उभे राहून मोजावे. त्याला पैसे पडत नाहीत.

यानंतर कागद. आमच्या मते पाना हातात घेण्यापूर्वी कागद हातात घ्यावा. आरसी पुस्तकातील चेसिस नंबर आणि गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. सांगाड्यावर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की ठसा उमटतो, तो घ्यावा. नंबरावर घासल्याच्या खुणा असतील तर गाडी फुकट मिळाली तरी नको. इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद आरसीत झाली आहे का, आणि ते इंजिन कुठून आले त्याचे बिल आहे का, हे पाहावे. कर्जाचा बोजा असेल तर वित्त कंपनीचे ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म हवा. नावावर करताना २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन "नंतर बघू" म्हणणारा विक्रेता नंतर सापडत नाही. थकलेला रस्ता कर, पर्यावरण कर आणि दंडाच्या पावत्या गाडीबरोबर आपल्या घरी येतात.

मुंबईत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. शहरातील धुराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ पासून जे आदेश दिले, त्यांत आठ वर्षांवरील मालवाहू गाड्या सीएनजी किंवा एलपीजीवर आणण्याचा दंडक होता. तेव्हा जुनी डिझेल पिकअप घेऊन ती मुंबईत चालवीन असे ठरविणाऱ्याने आधी ताडदेवच्या किंवा आपल्या भागाच्या आरटीओत जाऊन कोणत्या इंधनावर पासिंग मिळेल हे विचारावे. सीएनजीची टाकी असेल तर दर तीन वर्षांनी तिची दाबाची तपासणी होते, तिचे प्रमाणपत्र मागावे. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागते. त्याचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरील गाड्यांना बरेच वाढले आणि २०२५ च्या नोव्हेंबरात पुन्हा वाढले. गाडीची किंमत कमी आणि पासिंगचा खर्च जड, असा प्रकार होऊ शकतो. थोरल्याची गाडी रायगडची, एमएच ०६ ची, आणि गावीच राहणारी, म्हणून त्याचे तेवढे निभावले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गाडी घेतल्यावर धाकट्याने पहिल्या महिन्यात काय केले असेल? तिला रंग दिला. निळा. हौद्याच्या मागच्या फाळक्यावर आईचे नाव लिहिले, पुढे दोन हॉर्न आणि आत गाण्यांचा डबा बसवला. आम्ही त्याला दोष देत नाही. ज्या घरात पहिल्यांदा चाक आले त्या घरातल्या पोराला ते गावभर मिरवावेसे वाटणारच. परंतु त्याच महिन्यात, विटा भरून घाट उतरताना त्याचा ब्रेकचा पायटा तळाला गेला. पोरगा हुशार म्हणून वाचला. त्याने गिअर खाली टाकला, हातब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या कडेला घासत थांबवली. नव्या रंगाची डावी बाजू सोलून निघाली. दुसऱ्या बाजूला दरी होती.

कारण फार लहान होते. मास्टर सिलिंडरमधली रबरे फुगली होती. ब्रेकसाठी निराळे तेल येते, डब्यावर डॉट तीन किंवा डॉट चार लिहिलेले असते. कुणीतरी त्यात साधे इंजिनचे किंवा असेच दुसरे खनिज तेल ओतले होते. त्याने रबर फुगते, मऊ पडते आणि दाब धरत नाही. ब्रेकचे तेल हवेतील ओलावाही ओढून घेते, म्हणून अर्धा उघडा राहिलेला डबा वर्षभर वापरणे हेही चुकीचे. घाटात ब्रेक तापले की त्या ओलाव्याची वाफ होते आणि पायटा मऊ पडतो. ज्यांची गावे कशेडी, वरंध किंवा आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आहेत त्यांनी एवढे वाक्य कापून ठेवावे.

त्या रात्री थोरला आमच्याकडे आला आणि आम्ही वही काढली. गाडीच्या कामांची यादी केली आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला. हा भाग चालत्या गाडीत तुटला तर गाडी थांबेल, की माणूस मरेल? ज्याच्यापुढे 'माणूस मरेल' आले तो भाग नवा, चांगल्या बनावटीचा आणि बिलासह. त्यात वाद नको. ब्रेकची रबरे, पट्टे, होज पाइप, स्टिअरिंगचे सांधे, पुढच्या चाकांची बेअरिंगे, टायर, गॅसची टाकी. ज्याच्यापुढे 'गाडी थांबेल' आले, तिथे काटकसर करायला जागा आहे. आणि ज्यापुढे दोन्ही नाही, म्हणजे आरसे, दरवाज्याच्या कड्या, सीट, बंपर, पत्रा, तो भाग जुन्या बाजारातून आणायला काहीच हरकत नाही.

टायरच्या बाबतीत एक सांगतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन म्हणजे वर्षाचा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. नक्षी ताजी दिसली तरी रबर म्हातारे असू शकते. जुन्या टायरवर नक्षी पुन्हा कोरून विकणारेही आहेत. आयएसआयचा शिक्का पाहावा.

आता बाजार. मुंबईत सुट्या भागांचा बाजार एके ठिकाणी नाही, आणि हीच नवख्याची फसगत होण्याची जागा आहे. नव्या मालाची ठोक पेठ म्हणजे ऑपेरा हाऊसचा भाग. फ्रेंच ब्रिज, सँडहर्स्ट ब्रिज आणि आजूबाजूच्या जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर ओळीने मोटारीच्या भागांची दुकाने आहेत. गिरगावकर रोज त्यांच्यासमोरून जातात, पण आत काय आहे याची बहुतेकांना कल्पना नसते. आम्ही दोन शनिवार तिथे घालवले. तेथे गेल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी की गाडीची कंपनी गाडीचे सगळे भाग स्वतः बनवीत नाही. डिझेल पंप एकाचा, स्टार्टर दुसऱ्याचा, क्लच तिसऱ्याचा. तोच भाग गाडीच्या कंपनीच्या खोक्यात एका भावाने मिळतो आणि तो बनविणाऱ्या मूळ कारखान्याच्या खोक्यात पुष्कळदा कमी भावाने मिळतो. माल एकच, खोके वेगळे. म्हणून जुना भाग काढला की तो पुसून त्यावर कोणाचे नाव आणि कोणता नंबर आहे ते आधी वाचावे. पंपावर बॉश असेल. जुने मिस्त्री त्यालाच अजून 'मायको' म्हणतात, कारण २००८ पर्यंत त्या कंपनीचे नाव तेच होते.

तिसरा प्रकार म्हणजे 'लोकल' किंवा 'डुप्लिकेट'. या दोहोंत फरक आहे. लोकल म्हणजे लहान कारखान्याने स्वतःच्या नावाने बनवलेला माल. तो बरा असू शकतो, वाईटही असू शकतो. डुप्लिकेट म्हणजे मोठ्या नावाचे खोटे खोके. छपाई पुसट, एमआरपी नाही किंवा चिकटपट्टीवर, बनविल्याचा महिना-साल नाही, आणि दुकानदार बिल द्यायला कुरकुर करतो. आम्ही बिलाचा हट्ट धरला तेव्हा एका ठिकाणी "बिलात जीएसटी लागेल" असे सांगून घाबरविण्याचा प्रयत्न झाला. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के कर आहे, पूर्वी बहुतेकांवर २८ टक्के होता. तेव्हा हे भय आता पूर्वीएवढे मोठे नाही. ब्रेकच्या भागाचे बिल म्हणजे आपला एकमेव पुरावा आहे.

दुसरी पेठ नागदेवीची, मशीद बंदरच्या बाजूला. हिच्याविषयी मोटारवाले फारसे सांगत नाहीत, आणि आमच्या मते सर्वांत जास्त बचत हिच्यात आहे. बेअरिंगला मोटारीचे नाव नसते, नंबर असतो. ६२०५ म्हणजे जगात कुठेही एकच माप, आणि शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास निघतो. ०५ म्हणजे २५ मिलिमीटर. ऑइल सीलवर तीन आकडे असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. फॅनचा पट्टाही नंबरावर मिळतो. नटबोल्टाच्या डोक्यावर ८.८ असे कोरलेले असेल तर तो ताकदीचा, काहीच नसेल तर तो सांगाड्याला लावू नये. हे नंबर कागदावर उतरवून नागदेवीत गेले की मोटारीच्या दुकानातला 'पिकअपचा खास सील' हा सीलाच्या दुकानात साधा सील होतो. थोरला तर तेथून निघताना हसत म्हणाला, "काका, आपण आजवर भाग नाही, नाव विकत घेत होतो."

जुन्या मालासाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड. तोडलेल्या गाड्यांचे दरवाजे, काचा, गिअरपेट्या, मागचे आस, सगळे थरांनी रचलेले असते. चोरबाजारातही मिळते, पण तेथे वस्तू पाहण्याची नजर हवी आणि ती कुठून आली याचे उत्तर मिळत नाही. चोरीचा माल घरी आला तर पोलिसांच्या चौकशीला तोंड देणारा आपला पोरगा असतो, आणि आपल्या पोरांना ती चौकशी कशी होते हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. म्हणून इंजिन, गिअरपेटी असा नंबर असलेला माल बिलावाचून घेऊ नये.

जुना पण मूळ बनावटीचा भाग हा नव्या डुप्लिकेटपेक्षा चांगला, हे मिस्त्रींचे म्हणणे आम्हाला पटले. गिअरचे दात, आसाचा दांडा, पाट्यांची जोडी यांचे लोखंड मूळ कारखान्यात तापवून कठीण केलेले असते. नव्या स्वस्त गिअरचे दात सहा महिन्यांत झिजतात. दात मोजावेत, बोट फिरवावे, कड चिरली आहे का पाहावे. जुना माल पूर्वी भरपूर येई. सरकारी खात्यांच्या जीपा आणि सुमो लिलावात निघत आणि सुटी होऊन बाजारात येत. २०२३ च्या १ एप्रिलपासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणीच संपते आणि त्यांना मान्यताप्राप्त भंगार केंद्रात जावे लागते. पर्यावरणाला हे बरे असेल, पण गरिबाच्या गाडीला लागणारा चांगला जुना माल त्यामुळे कमी झाला, हे कोणी मोजलेले दिसत नाही.

पुष्कळ भाग विकत घ्यावेच लागत नाहीत, दुरुस्त होतात. ब्रेकच्या शूला नवे अस्तर चढते. स्टार्टर, डायनॅमोची तार पुन्हा गुंडाळता येते. रेडिएटरची जाळी बदलता येते. बुश झिजला तर लेथवर नवा कातून मिळतो. हे काम करणारे हात मुंबईत होते आणि थोडे अजून आहेत. गिरण्यांचे फिटर, लोअर परळ आणि परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले टर्नर, बेस्टचे मेकॅनिक. ही माणसे आपल्याच चाळींत, आपल्याच विहारांत संध्याकाळी बसलेली दिसतात. धाकट्याच्या गाडीचा एक बुश मिळेना, तेव्हा रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका बुजुर्गांनी जुना झिजलेला तुकडा हातात फिरवला, कॅलिपर लावले, कागदावर चार मापे लिहून दिली आणि "लेथवाल्याला म्हणावे, गनमेटलचा कात" एवढेच बोलले. बसला. ते चहाशिवाय काही घेईनात.

येथे थोडे विषयांतर करतो. याच धाकट्याला महिन्यापूर्वी एक स्थळ आले होते. मुलीच्या वडिलांनी त्याचे हात पाहिले आणि निरोप पाठवला की आम्हाला नोकरीवाला हवा. ते गृहस्थ आमच्यासारखेच कारकून. शिक्षणाने आणि नोकरीने आपली घरे वर आली, त्यामुळे टेबलावरच्या कामाचे आपल्याला मोल वाटते, ते योग्यच आहे. पण ग्रीस लागलेल्या हाताकडे पाहून नाक मुरडायचे, हे आपण कोणाकडून शिकलो? आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा. दहावी झालेल्या मुला-मुलींनी त्याची चौकशी करावी. होय, मुलींनीही.

आणि या कामाला लावलेल्या मुलांच्या जिवाची काळजी घ्या. ब्रेकच्या ड्रममधली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असते, ते फुप्फुसात बसते आणि वर्षानुवर्षांनी त्रास देते. ओल्या फडक्याने पुसावे. जॅकवर उभ्या गाडीखाली घोडे लावल्याशिवाय शिरू नये. यासाठी गॅरेजमालकाच्या परवानगीची गरज नाही.

आता वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर. आम्ही त्यांनाच वही दिली आणि तीन रकाने आखून दिले. आलेले भाडे, डिझेल आणि रोजचा खर्च, दुरुस्ती. चौथा रकाना त्यांनी स्वतः घातला, 'गाडी उभी'. हा रकाना आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकात नव्हता, पण सगळा हिशेब त्यातच आहे. समजा, डिझेल जाऊन दिवसाला ८०० रुपये सुटतात. स्वस्त भाग घेऊन ६०० रुपये वाचवले, आणि तो वीस दिवसांत गेला. गाडी दोन दिवस उभी, १,६०० गेले. मजुरी पुन्हा, भाग पुन्हा. वाचवलेले ६०० रुपये कुठे गेले ते कळतही नाही. दुसरे उदाहरण व्याजाचे. महिना तीन टक्के ऐकायला हलके वाटते. ५०,००० वर महिना १,५००, वर्षाला १८,०००, आणि मुद्दल जागच्या जागी. तेवढ्यात त्या गाडीची ब्रेक आणि स्टिअरिंगची बरीच कामे नीट होतात. सावकाराच्या पैशाने इंजिन काढू नये. गाडी चालवीत एकेक काम करावे, आणि पहिले काम ब्रेकचे.

थोरला आता महिन्यातून एकदा भाग घेऊन ते परळहून एसटीने महाडला पाठवतो. खोक्यावर धाकट्याचे नाव आणि आत बिलाची झेरॉक्स. वहिनींच्या वहीत पहिल्या चार महिन्यांत 'गाडी उभी' चे दिवस जास्त होते, नंतर कमी होत गेले. बचत गटाचा हप्ता चुकलेला नाही. रंगाची डावी बाजू अजून सोललेलीच आहे. तिला मुद्दामच हात लावलेला नाही, असे धाकटा सांगतो.

चालकाविषयी विचारणा होते म्हणून थोडक्यात लिहितो. साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचे लायसन्स चालते, वेगळा शेरा लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली म्हटले होते आणि २०२४ च्या ६ नोव्हेंबरला घटनापीठाने ते कायम केले. विमा कंपनीने या कारणावरून अपघाताचा दावा नाकारला तर निकालाची तारीख सांगावी. मात्र पासिंग संपलेली असेल तर आपली बाजू लंगडी पडते.

काही गाड्या उभ्या करूच नयेत. सांगाडाच गंजून पापुद्रे निघत असतील, तो वेल्डिंगने दोन-तीनदा जोडलेला असेल, किंवा पासिंग आणि कर मिळून गाडीच्या किमतीएवढे होत असतील, तर ती मान्यताप्राप्त भंगार केंद्रात द्यावी. तेथे ठेव प्रमाणपत्र मिळते, नव्या गाडीच्या नोंदणीच्या वेळी त्याचा उपयोग होतो. नाक्यावरच्या भंगारवाल्याला गाडी देऊन मोकळे झाल्यास आरसी आपल्याच नावावर राहते, कर चढत जातो आणि त्या नंबराची पाटी उद्या कोणत्या गाडीवर लागेल हे सांगता येत नाही. नोंदणी रद्द झाल्याचा कागद हाती येईपर्यंत आरसी आणि नंबरपाटी कोणाच्या हातात देऊ नये. ज्यांना हे फॉर्म भरता येत नाहीत त्यांनी मूळ आरसी, विम्याचा कागद आणि आधारची झेरॉक्स घेऊन शनिवारी संध्याकाळी सातनंतर नेहमीच्या ठिकाणी यावे.